तार तुटते तेव्हा: व्यत्ययाचा इतिहास, यंत्रमागापासून ड्रायव्हरपर्यंत



विषय जाहीर झाला तेव्हा टेमघरच्याच एका मित्राने आम्हाला विचारलं, 'संगणकाच्या पोटातला हार्डवेअर इंटरप्ट, तो ड्रायव्हरने कसा हाताळायचा, याचा इतिहास सांगायला तुम्हाला भिवंडीच सापडली का?' आम्ही म्हटलं, हो, भिवंडीच. आत्ता या सभागृहाच्या खिडक्या दोन मिनिटं उघड्या ठेवा. जो आवाज आत येतोय, खटखट-खटखट, त्याच्यापासूनच सुरुवात करायची आहे. संगणकाकडे आपण जाऊ, पण थोडं चालत जाऊ.

इथल्या कुठल्याही कारखान्यात शिरलं की दिसतं काय? मागांच्या दोन रांगा, मधे अरुंद वाट, आणि त्या वाटेत येरझाऱ्या घालणारा एक कारागीर. त्याच्याकडे चार माग असतील, सहा असतील, कुठे आठही. तो काय करतो? बहुतेक वेळ तो बघतो. पहिल्या मागावर नजर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि परत पहिल्या. ताण्याची एखादी तार तुटली का? कांडी संपत आली का? साध्या यंत्रमागावर ताण्याची तार तुटली तर माग थांबत नाही बरं का. तो विणतच राहतो, आणि कापडात उभी फट पडत जाते. जितक्या उशिरा कारागिराची नजर तिथे पोचेल, तितकी फट लांब. मग माल कमी प्रतीचा ठरतो, आणि मजुरी मीटरवर असली की त्याचा फटका कुणाला बसतो हे इथे सांगायची गरज नाही.

पण बाण्याचं तसं नाही. बाण्याचा धागा तुटला किंवा कांडी रिकामी झाली, तर माग स्वतःच थांबतो. हे कसं होतं? मागाच्या एका बाजूला फणीजवळ एक छोटा काटा असतो, जेवणाच्या काट्यासारखाच. इंग्रजी पुस्तकांत त्याला वेफ्ट फोर्क म्हणतात. फणी पुढे आली की बाण्याचा धागा त्या काट्याला ढकलतो, काटा कलतो, त्याची मागची आकडी वर उचलली जाते. धागाच नसेल तर काट्याला ढकलायला कुणी नाही. आकडी खालीच राहते, मागेपुढे हलणाऱ्या एका दांड्यात अडकते, दांडा तिला ओढतो, आणि चालू-बंदचा हँडल खटकन सुटतो. माग बंद. कारागीर दहा पावलांवर पाठ करून उभा असला तरी त्या एका मागाचा आवाज थांबलेला त्याला कळतो. सरावलेल्या कानाला आठ मागांच्या गोंगाटात एकाची शांतता ऐकू येते.

आता संगणकवाल्यांचे दोन शब्द इथेच ठेवून देतो. कारागीर एकेका मागाकडे आळीपाळीने बघत फिरतो, ते पोलिंग. मागच थांबतो आणि कारागिराला हातातलं काम सोडून यायला लावतो, तो इंटरप्ट. मराठीत व्यत्यय. शाळेत आपल्याला व्यत्यय म्हणजे वाईट गोष्ट असं शिकवलेलं आहे. इथे तो उपकारक आहे, कारण व्यत्यय येण्याची खात्री असेल तरच माणूस निश्चिंतपणे दुसरीकडे बघू शकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, शेवटाकडे तिचं काम पडणार आहे. बाजूला बसवलेला हा काटा दर दोन फेऱ्यांत एकदाच धागा आहे का ते तपासतो, कारण धोटा त्याच्या बाजूला एकाआड एक येतो. म्हणजे आत पोलिंगच आहे. फक्त ते माणसाच्या डोळ्यांकडून काढून लोखंडाकडे दिलं, आणि माणसाकडे फक्त निकाल पाठवला.

ताण्याची तार तुटल्यावर माग थांबवणं अवघड होतं, कारण बाण्याचा धागा एक, ताण्याचे हजारो. त्यावर उत्तर आलं ते प्रत्येक तारेवर धातूची एक पातळ पट्टी अडकवायची. तार ताणलेली आहे तोवर पट्टी वर लटकलेली, तार तुटली की पट्टी पडते आणि माग थांबवते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होपडेलच्या ड्रेपर कंपनीने १८९० च्या दशकात जेम्स नॉर्थ्रॉपच्या नावाचा माग बाजारात आणला. त्यात रिकामी कांडी आपोआप बदलायची सोय होती आणि ताणा तुटला की थांबायचीही. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जी-प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण केला, आणि त्याचे हक्क १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. काही बिघडलं की यंत्राने स्वतः थांबावं, हे तत्त्व पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात गेलं, हे तुमच्यापैकी व्यवस्थापन शिकलेल्यांना ठाऊक असेल.

यंत्र स्वतः हाक मारायला लागलं की मालकाच्या मनात पहिला प्रश्न कुठला येतो? एका माणसाला आता किती यंत्रं देता येतील? हा प्रश्न आपल्या मुंबईत फार मोठ्याने विचारला गेला. १९२८ साली ससून गटाच्या गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या योजना आणल्या, त्यात एका विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत असं होतं. त्या वर्षी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. संपाची कारणं अनेक होती, वेतनकपातीची भीती होती, बेकारीची होती. पण मुळाशी हा हिशेब होता. कामगारांचं म्हणणं सरळ होतं: तिसरा माग दिलात, पण सूत तेच तुटणारं. तुटण्याचं प्रमाण जास्त असेल तर माणूस तीन मागांमध्ये नुसता धावतच राहील आणि कुठलाच माग नीट चालणार नाही. हे वाक्य आम्ही आमच्या शब्दांत सांगतोय, पण आशय तोच. तो लक्षात ठेवा. ६८ वर्षांनी हीच तक्रार संगणकाच्या संशोधकांनी आलेख काढून मांडली, तिथे आपण येऊच.

भिवंडीपुरतं एवढंच सांगून पुढे जाऊ, की १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत जो गिरणी संप सुरू झाला त्यानंतर विणकामाचा मोठा भाग इकडे सरकला. मागांची संख्या लाखांच्या घरात गेली. पण इकडे आले ते बहुतेक साधे माग. ताण्याच्या पट्ट्या नसलेले. म्हणजे गिरणीत यंत्राकडे गेलेलं पोलिंग भिवंडीत पुन्हा माणसाच्या डोळ्यांकडे आलं. इतिहास नेहमी पुढेच जातो असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा इथल्या गल्ल्यांतून फिरावं.

आता संगणक.

सुरुवातीच्या संगणकांत एकच प्रोग्रॅम चाले आणि तोच सगळं बघे. टंकयंत्रावर एक अक्षर उमटवायचं असेल तर प्रोग्रॅम विचारायचा: झालं का? नाही. झालं का? नाही. झालं का? हिशेब करून बघा. टंकयंत्र सेकंदाला १० अक्षरं उमटवतं आणि यंत्र सेकंदाला १०,००० आज्ञा पाळतं असं धरलं, तर एका अक्षरामागे १,००० आज्ञांचा वेळ नुसतं 'झालं का' विचारण्यात जातो. आणि यंत्र तर लाखो रुपयांचं.

यावर उपाय म्हणून व्यत्यय आला, पण एका दिवसात आणि एका माणसाच्या डोक्यातून नाही. १९५१ च्या युनिव्हॅक यंत्रात बेरीज ओसंडली तर ठरलेल्या जागी उडी मारायची सोय होती, पण तो आतून आलेला व्यत्यय. बाहेरच्या उपकरणाने हाक मारण्याची सोय अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या डायसीॲक यंत्रात होती, १९५४ साली. लष्करासाठी बांधलेलं आणि गाडीवर चढवून हलवता येईल असं ते यंत्र. त्याची युक्ती गमतीशीर आहे: पुढची आज्ञा कुठली हे सांगणारे गणक त्यात दोन होते, आणि बाहेरून खूण आली की यंत्र एकावरून दुसऱ्यावर जाई. पुढे क्लीव्हलंडच्या विमानसंशोधन प्रयोगशाळेत वातबोगद्याची मोजमापं युनिव्हॅक ११०३ यंत्रावर येऊ लागली. बोगदा चालू असताना माहिती थांबून राहू शकत नाही, आणि बंद असताना यंत्र रिकामं ठेवणं परवडत नाही. म्हणून एरवी दुसरी गणितं चालवायची, आणि बोगद्याने हाक मारली की ती बाजूला ठेवायची.

या कथेतला आम्हाला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे एड्सगर डाइक्स्ट्रा. नेदरलँड्समध्ये एक्स-१ नावाचा संगणक तयार होत होता. यंत्र रचणारे त्याचे सहकारी लूपस्ट्रा आणि स्कोल्टन यांनी व्यत्ययाची कल्पना मांडली, १९५७ च्या सुमारास. डाइक्स्ट्रा ती ऐकून घाबरला, आणि घाबरलो होतो हे त्याने पुढे मोकळेपणाने लिहूनही ठेवलं. का घाबरावं? तोवर संगणकाचा एक गुण सगळे गृहीत धरत: तोच प्रोग्रॅम, तीच माहिती, तर तेच उत्तर, कितीही वेळा चालवा. चूक असेल तर तीच चूक पुन्हा होणार, म्हणजे ती शोधता येणार. व्यत्यय आला की हा गुण संपला. टंकयंत्र नेमक्या कुठल्या आज्ञेनंतर हाक मारेल हे कुणाच्या हातात नाही. हजारात एकदा ती हाक दोन विशिष्ट आज्ञांच्या मधेच आली आणि गोंधळ झाला, तर तो गोंधळ तुम्ही पुन्हा घडवून दाखवू शकत नाही. सहकाऱ्यांनी अखेर त्याला वळवलं, त्याने व्यत्यय हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९५९ चा त्याचा प्रबंध त्यावरच आहे. पण भीतीने त्याला एक शिस्त लावली: चाचणीवर विसंबायचं नाही, प्रोग्रॅम बरोबर आहे हे युक्तिवादाने सिद्ध करायचं. पुढे सेमाफोर वगैरे जे त्याने दिलं, त्याची मुळं या धास्तीत आहेत असं आमचं मत. ड्रायव्हर लिहायला बसणाऱ्या मुलांना आम्ही आधी ही गोष्ट सांगतो, कारण ज्याला ही भीती वाटली नाही त्याच्या ड्रायव्हरची आम्हाला भीती वाटते.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० आला, त्यात व्यत्ययाची पूर्ण यंत्रणा होती. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर हा विषय तिथून कळू लागला.

पण ड्रायव्हर या शब्दाला आजचा आकार आला तो १९७० च्या पीडीपी-११ वर आणि त्यावर वाढलेल्या युनिक्समध्ये. पीडीपी-११ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्मृतीतला एक ठरलेला पत्ता होता, त्याला व्हेक्टर म्हणायचं. उपकरण हाक मारतानाच आपला पत्ता सांगे, त्यामुळे 'कोण हाक मारतंय' हे शोधत बसावं लागत नसे. शिवाय अग्रक्रम होते. चकतीचा क्रम टर्मिनलच्या वर, घड्याळाचा चकतीच्याही वर. वरच्या क्रमाचं काम चालू असताना खालच्याने थांबायचं. युनिक्सने ड्रायव्हरचे दोन भाग मानले: वरचा भाग प्रोग्रॅमच्या विनंत्या घेतो, खालचा भाग उपकरणाच्या हाकेला धावतो. लिनक्समध्ये मात्र हेच दोन शब्द उलट अर्थाने रुळले. तिथे वरचा भाग म्हणजे हाकेला लगेच धावणारा, आणि खालचा म्हणजे राहिलेलं काम सवडीने उरकणारा. दोन्हीकडची पुस्तकं एकाच वेळी वाचणाऱ्या विद्यार्थ्याचं काय होत असेल, विचारू नका.

मग १९८१ चा आयबीएम पीसी. त्यात व्यत्ययासाठी ८२५९ ही चिप आणि तिला आठ ओळी. शून्य नंबर घड्याळाचा, एक कीबोर्डचा, सहा फ्लॉपीचा, सात प्रिंटरचा. १९८४ च्या एटीमध्ये दुसरी चिप पहिलीला जोडली, ओळी पंधरा झाल्या. नव्वदच्या दशकात ज्यांनी डीटीपीचं दुकान किंवा सायबर कॅफे चालवला त्यांना आयआरक्यू हा शब्द ऐकून अजून घाम फुटेल. माउस पहिल्या सिरियल पोर्टवर, मोडेम तिसऱ्यावर, दोघांची ओळ एकच, चार नंबरची. माउस हलवला की इंटरनेट अडकायचं. लोक जंपर काढून दुसरीकडे लावत बसायचे. याचं कारण असं की त्या ओळी फक्त सिग्नल चढण्याचा क्षण ओळखत. एकाने ओळ वर धरलेली असताना दुसऱ्यानेही हाक मारली, तर दुसरी हाक पहिलीच्या आड बुडून जाई. पुढे पीसीआय आलं, त्यात उपकरणाने ओळ ओढून धरायची आणि काम होईपर्यंत सोडायचीच नाही अशी पद्धत झाली. आता एका ओळीवर अनेकजण बसू शकत होते. मात्र ड्रायव्हरवर नवी जबाबदारी आली: हाक आली की आधी आपल्या उपकरणाला विचारायचं, 'तू मारलीस का?' तो नाही म्हणाला तर आपणही कर्नलला तसं सांगायचं.

इथे आमची एक फजिती सांगतो. एका प्रयोगशाळेत, खूप वर्षांपूर्वी, मोजमापाचं एक कार्ड होतं आणि आम्हाला त्याचा लिनक्स ड्रायव्हर लिहायचा होता. कर्नलकडे नाव नोंदवलं, हाक आली की आमचं फंक्शन चालेल अशी व्यवस्था झाली. फंक्शनने माहिती उचलली, 'काम झालं' असं कर्नलला कळवलं. आणि यंत्र गोठलं. कीबोर्ड नाही, पडदा नाही. आम्ही कार्डाला पोच द्यायलाच विसरलो होतो. त्याच्या दृष्टीने त्याची हाक कुणी ऐकलीच नव्हती, म्हणून त्याने ओळ धरून ठेवली. आम्ही बाहेर पडलो की पुन्हा हाक, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दुसऱ्या दिवशी कुणीतरी शहाणपणा करून फंक्शनचं उत्तर बदललं, 'ही हाक आमची नाही' असं कळवलं. या वेळी यंत्र गोठलं नाही. पडद्यावर संदेश आला: 'नोबडी केअर्ड', कुणालाच पर्वा नाही. लिनक्समध्ये तसा हिशेबच आहे. एका ओळीवर १,००,००० हाका आल्या आणि त्यांतल्या ९९,९०० हून जास्त कुणीच आपल्या म्हटल्या नाहीत, तर कर्नल ती ओळच बंद करून टाकतो. त्याच ओळीवर नेटवर्क कार्डही होतं. ते बिचारं निष्कारण मेलं. पोच देण्याची एक ओळ लिहिली असती तर दोन दिवस वाचले असते.

ड्रायव्हरचं काम नेमकं काय, ते आता नीट सांगता येईल. हाक आल्यावर प्रोसेसर हातातली आज्ञा पूर्ण करतो, आपण कुठे होतो ते लिहून ठेवतो आणि कर्नलच्या ठरलेल्या जागी उडी मारतो. तिथून ड्रायव्हरचं फंक्शन. त्याने उपकरणाची स्थिती वाचायची, पोच द्यायची, हरवून जाईल एवढीच माहिती उचलायची आणि निघायचं. झोपायचं नाही. हा नियम मुलांना पाठ असतो, पण कारण विचारलं की गडबडतात. कारण असं, की हे फंक्शन कुठल्याही प्रोसेसचं नाही. ते दुसऱ्याच कुणाच्या तरी वेळेत, त्याला अर्ध्यावर थांबवून चाललेलं असतं. ते झोपलं तर पुन्हा जागं करून कुणाला चालवायचं, याचा शेड्यूलरकडे पत्ताच नसतो.

आणि कुलूप. समजा ड्रायव्हरचा सवडीने चालणारा भाग एका यादीत काही लिहितोय आणि त्याने यादीला कुलूप घातलंय. तेवढ्यात त्याच प्रोसेसरवर हाक आली. हाकेला धावलेल्या फंक्शनलाही तीच यादी हवी. ते कुलूप उघडायची वाट बघत गरगरत राहतं. किल्ली ज्याच्याकडे आहे तो तर खाली अर्ध्यावर थांबलेला, आणि हे संपल्याशिवाय तो चालणार नाही. दोघेही कायमचे अडकले. म्हणून कुलूप घालताना त्या प्रोसेसरवरचे व्यत्ययही तेवढा वेळ बंद ठेवायचे आणि कुलूप काढताना पूर्वी होते तसे करायचे. डाइक्स्ट्राची भीती ती हीच. चाचणीत हे सहसा पकडलं जात नाही; ग्राहकाकडे, तिसऱ्या महिन्यात, रात्री पकडलं जातं.

आता १९२८ च्या तक्रारीकडे वळू. १९९६ साली जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी एक निबंध वाचला. नेटवर्कवरून पॅकेट येतं, प्रत्येक पॅकेटमागे एक व्यत्यय. पॅकेटं वाढली की पुढे पाठवलेल्या पॅकेटांची संख्याही वाढत जाते, एका मर्यादेपर्यंत. त्यानंतरही येणारी पॅकेटं वाढवली तर काय व्हावं? निदान संख्या स्थिर राहावी. ती स्थिर राहत नव्हती, खाली येत होती, आणि पार शून्याकडे जात होती. प्रोसेसर पूर्ण वेळ व्यस्त, पण सगळा वेळ हाकेला धावण्यात. उचललेलं पॅकेट पुढे पाठवण्याआधीच दुसरी हाक. शेवटी उचललेली पॅकेटं जागा नाही म्हणून टाकून द्यायची. याला त्यांनी लाइव्हलॉक म्हटलं: जिवंत आहे, धावतोय, आणि काम शून्य. तीन मागांमध्ये धावणारा विणकर आठवा.

त्यांचं उत्तर फार साधं होतं, आणि पुढे लिनक्समध्ये नॅपी या नावाने तेच आलं. पहिली हाक आली की त्या उपकरणाच्या हाका बंद करायच्या. मग कर्नलने स्वतःच्या सवडीने, ठरावीक कोटा घेऊन, कार्डाकडे जाऊन पॅकेटं उचलायची. सगळी उचलून झाली की हाका पुन्हा चालू. म्हणजे रहदारी कमी असेल तर व्यत्यय, जास्त असेल तर पोलिंग. ज्या पोलिंगला चाळीस वर्षांपूर्वी वेळेची उधळपट्टी म्हणून हाकललं होतं, ते मागच्या दाराने सन्मानाने परत आलं. आठही माग भरभर थांबत असतील तर कान टवकारून बसण्यात अर्थ नाही, सरळ रांगेने फिरावं, हे कुठल्याही कारागिराला सांगावं लागत नाही.

दुसरा धागा कामाच्या वाटणीचा. हाकेला धावणाऱ्या फंक्शनला एक स्वतंत्र थ्रेड द्यायचा, म्हणजे त्याला झोपताही येईल आणि त्याचा अग्रक्रमही ठरवता येईल, ही सोय २००९ च्या २.६.३० या आवृत्तीत मुख्य लिनक्समध्ये आली. थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी ज्या रिअल-टाइम कामामागे होते त्याचा हा तुकडा. ते काम पूर्ण स्वरूपात मुख्य कर्नलमध्ये पोचायला २०२४ उजाडलं, जवळजवळ वीस वर्षं.

महाराष्ट्राने या कथेत काही वेगळं केलं का? पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० उभा राहिला. निर्बंधांची ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, ती सांगत नाही. आम्हाला रस आहे त्यातल्या प्रोसेसरमध्ये, इंग्लंडच्या इनमॉसच्या ट्रान्सप्युटरमध्ये. या चिपने व्यत्ययाकडे वेगळ्याच नजरेने बघितलं. बाहेरून आलेली खूण म्हणजे एका वाहिनीवर आलेला निरोप. त्या निरोपाची वाट बघत एक प्रोसेस आधीच बसलेली असते. निरोप आला की चिप स्वतः तिला चालवते, आणि तिचा अग्रक्रम वरचा असेल तर चालू प्रोसेस बाजूला होते. शेड्यूलर लोखंडातच. त्यामुळे 'कुणाच्या तरी वेळेत घुसलेलं फंक्शन' हा प्रकारच नाही, झोपायची बंदी नाही. शेजारच्या चिपशी बोलणाऱ्या चार जोडण्याही स्वतःच्या स्वतः माहिती हलवत आणि संपलं की वाट बघणाऱ्याला उठवत. ती चिप बाजारात टिकली नाही. पण व्यत्ययाला थ्रेड द्यायचा ही २००९ ची कल्पना पुण्यात १९९१ च्या यंत्रावर काम केलेल्यांना फारशी नवी वाटली नसणार, असं आम्हाला वाटतं.

आता काट्याची आठवण. भिवंडीच्या गोदामांमध्ये आज हजारो बारकोड स्कॅनर चालतात, यूएसबीचे. स्कॅनरने बीप केलं की संगणकाला व्यत्यय जातो असं सगळे समजतात. यूएसबीच्या कागदपत्रांतही त्या प्रकाराला इंटरप्ट ट्रान्सफर असंच नाव आहे. प्रत्यक्षात यूएसबी उपकरणाला हाक मारताच येत नाही! संगणकातला कंट्रोलर दर काही मिलिसेकंदांनी त्याला विचारत राहतो, 'काही आहे का?' काही असेल तेव्हाच कंट्रोलर प्रोसेसरला हाक मारतो. आत पोलिंग, बाहेर व्यत्यय. वेफ्ट फोर्क दर दोन फेऱ्यांनी करतो तेच.

आमचं बोलणं इथे संपलं होतं, पण प्रश्नोत्तरांतला एक प्रश्न इथे द्यायलाच हवा. मागच्या रांगेतले एक काका उठले. त्यांनी तीस वर्षं माग चालवलाय. म्हणाले, 'साहेब, सगळं ठीक. पण लाइटच गेली तर? माग मधेच थांबतो. लाइट आल्यावर तसाच चालू केला तर कापडावर आडवी पट्टी दिसते. दोन-चार बाणे हाताने मागे घ्यावे लागतात, मग चालू. तुमच्या संगणकात काय करतात?'

काका, पीडीपी-११ मध्ये त्यालाही व्हेक्टर होता. वीज खाली येऊ लागली की यंत्र स्वतःलाच व्यत्यय देई, आणि सगळं बंद पडण्याआधी प्रोग्रॅमला सुमारे दोन मिलिसेकंद मिळत. तेवढ्यात रजिस्टरमधले आकडे स्मृतीत लिहून ठेवायचे आणि थांबायचं. स्मृती चुंबकीय कड्यांची होती, वीज गेली तरी तिच्यातलं पुसलं जात नसे. वीज परतली की यंत्र पुन्हा त्याच व्हेक्टरवर येई, आकडे परत भरी आणि पुढे चालू लागे. मात्र टंकयंत्र एखादं अक्षर अर्धं उमटवताना थांबलं असेल, तर ते पुन्हा पाठवायचं की नाही, हे ठरवणं ड्रायव्हरकडेच होतं.

काका म्हणाले, 'म्हणजे हातानेच मागे घ्यायचं.'

हो.